‘नो सिग्नल’ : छतावर चढण्याआधी

पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटलं की आपल्याकडे सगळ्यांची नजर आधी वर, छताकडे जाते. छत्री हलली असणार असं ठरवून कुणीतरी शिडी लावतं, छत्री धरून डावी-उजवीकडे फिरवतं आणि खाली हाक देतं, “आलं का?” खालून “नाही” येतं. मग पुन्हा फिरवाफिरवी. मूळ बिघाड भलतीकडेच असला तर तासाभरात एकाचे दोन बिघाड होतात, कारण आता छत्रीची दिशाही गेलेली असते. म्हणून शिडी आहे तिथे राहू द्या आणि आधी पडद्यावरची पाटी कुणी लावली आहे ते ओळखा.

टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि दोघंही आपापल्या परीने ‘सिग्नल नाही’ म्हणतात. टीव्हीचं म्हणणं एवढंच असतं की ज्या खाचेतून चित्र यायला हवं तिथून काहीच येत नाही. ही पाटी बहुधा निळ्या किंवा काळ्या पडद्यावर छोट्या चौकटीत असते, कधी इकडून तिकडे तरंगते. सोबत कंपनीचं चिन्ह नाही, चॅनेलचा नंबर नाही. बॉक्स बोलतो तेव्हा थाट वेगळा असतो. मागे कंपनीचा रंग, लांबलचक वाक्य, एखादा एरर क्रमांक, खाली चॅनेलची पट्टी.

तरी शंका राहिली तर बॉक्सचा रिमोट घ्या आणि मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला, तर टीव्ही, बॉक्स आणि त्या दोघांमधली वायर ठीक आहेत. दोष रिचार्जचा असेल, नाहीतर बॉक्सच्या मागून बाहेर जाणाऱ्या वायरीपासून आकाशापर्यंत कुठेतरी असेल. मेनू दिसला नाही, तर छताचं नाव काढू नका. बिघाड खोलीतच आहे. (रिमोटचे सेल संपलेले नाहीत ना, एवढं बघून घ्या. बटण दाबताना बॉक्सवरचा दिवा लुकलुकला तर रिमोट चालू आहे.) ही एक चाचणी केली तरी शिडीचे निम्मे फेरे वाचतील.

खोलीतला बिघाड

मेनू दिसत नसेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण शोधा. बॉक्सची वायर टीव्हीच्या एचडीएमआय १ मध्ये आहे आणि टीव्ही पाहतोय एचडीएमआय २ कडे, हा प्रकार घरोघरी होतो. नातवाने पेनड्राइव्ह लावून सिनेमा पाहिला, काम झाल्यावर काढला आणि सोर्स तसाच राहिला. संध्याकाळी आजोबांना बातम्या हव्या असतात आणि टीव्ही म्हणतो ‘नो सिग्नल’. सोर्सच्या यादीतले पर्याय एकेक करून पाहा, प्रत्येकावर पाचसहा सेकंद थांबा. जुन्या टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना असतात. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. आवाज येतोय आणि चित्र नाही, तर पिवळी पिन सैल आहे.

पुढे बॉक्सचा दिवा. दिवाच लागत नसेल तर सिग्नलचा प्रश्न येत नाही, वीज पोचत नाहीये. अ‍ॅडाप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा. दिवा लागतो पण बॉक्स सारखा बंद-चालू होतो, किंवा काही चॅनेल दिसतात आणि काही नाहीत, तर संशय अ‍ॅडाप्टरवर घ्या. छत्रीच्या पुढच्या दांडीवर जो छोटा डबा असतो, एलएनबी, त्याला वेगळी वीज जोडलेली नसते. सिग्नल ज्या वायरीतून खाली येतो तिच्यातूनच बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ व्होल्टवर तो उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी घेतो, १८ व्होल्टवर आडव्या. अ‍ॅडाप्टर थकला, वायर लांब आणि गंजलेली असली, की १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत घसरतात आणि नेमके आडव्या लहरींवरचे चॅनेल गायब होतात. माणूस म्हणतो अर्धे चॅनेल कंपनीने काढले. कंपनीचा तिथे काही संबंध नसतो.

मळ्यात राहणाऱ्यांनी या मुद्द्यावर जरा जास्त थांबावं. आपल्याकडे कितीतरी घरं गावठाणात नाहीत, उसात किंवा टोमॅटोच्या वावराशेजारी आहेत आणि त्यांची लाइन पंपांच्याच डीपीवरून येते. थ्री फेज आली, दहा-पंधरा मोटारी एकदम सुरू झाल्या, की घरातला बल्ब मंद होतो आणि बॉक्स गोंधळतो. टीव्ही रोज ठरावीक वेळी जात असेल, तर ती वेळ आणि थ्री फेजची वेळ जुळते का ते आठवडाभर लक्षात ठेवा. जुळली तर छत्री आणि बॉक्स दोन्ही निर्दोष. चांगला स्टॅबिलायझर घ्या, आणि डीपीवरचा भार जास्त आहे ही तक्रार महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर नोंदवा.

सगळं जोडलेलं आहे, दिवा लागतोय, सोर्स बरोबर आहे आणि तरी मेनू नाही. मग टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा. बटणाने बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मिनिटभर थांबा. आधी टीव्ही लावा, त्याचा पडदा उजळला की बॉक्स. एचडीएमआयच्या वायरीतून ही दोन यंत्रं सुरू होताना एकमेकांची ओळख पटवून घेतात. ती ओळख कधी चुकते आणि अशा चालू-बंद करण्याने परत जमते. तरीही नाही जमलं तर वायर बदलून पाहा, शेजाऱ्यांची तासाभरासाठी आणली तरी चालेल.

रिचार्ज संपल्याची पाटी

बॉक्सचं वाक्य शेवटपर्यंत वाचा. ‘सबस्क्रिप्शन’, ‘रिचार्ज’, ‘पॅक’, ‘अ‍ॅक्टिव्ह’ यांतला एखादा शब्द दिसला तर सिग्नल व्यवस्थित आहे, पैसे संपलेत. यात एक अडचण खास आपल्या भागातली आहे. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतली अर्धी घरं मुंबईला असतात. गावचं घर उघडतं ते यात्रेला, मे महिन्यात आणि गणपतीत. महिनोन्‌महिने प्लग काढून ठेवलेला बॉक्स चालू केला, मोबाइलवरून रिचार्ज केला, पैसे कापले गेल्याचा मेसेज आला आणि पडदा मात्र तसाच. कारण असं की रिचार्ज झाल्याचा हुकूम मोबाइलमधून बॉक्सकडे जात नाही. तो कंपनीच्या केंद्रातून उपग्रहावर जातो आणि तिथून छत्रीवाटे खाली येतो. त्या वेळी बॉक्स बंद असेल तर हुकूम हुकतो. म्हणून आधी बॉक्स चालू करायचा, सिग्नल येतोय याची मेनूतून खात्री करायची, मगच रिचार्ज मारायचा आणि बॉक्स अर्धा तास एखाद्या चॅनेलवर ठेवून द्यायचा. तरी सुरू झालं नाही तर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा फोनवरून ‘रिफ्रेश’ पाठवायला सांगा. बरेच दिवस बंद असलेला बॉक्स सुरू झाल्यावर नवं सॉफ्टवेअरही उतरवून घेतो. पडद्यावर तसं लिहून आलं तर वीज घालवू नका, नाहीतर बॉक्स अर्धवट अवस्थेत अडकायची भीती असते.

सरकारी डीडी फ्री डिश वापरणाऱ्यांना रिचार्जची कटकट नाही. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली ही सेवा आजही फुकट आहे. पण तिच्यावरच्या खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि दर वर्षी १ एप्रिलच्या सुमारास यादी हलते. कालपर्यंत दिसणारा चॅनेल आज गेला आणि सह्याद्री मात्र दिसतोय, तर तो बिघाड नव्हे. मेनूत जाऊन नव्याने ऑटो स्कॅन करा. चॅनेल जागा बदलून आला असेल तर सापडेल, त्याने जागाच सोडली असेल तर कुठलाही मेकॅनिक तो आणून देऊ शकणार नाही. काही चॅनेल फक्त एमपेग-४ बॉक्सवरच उमटतात, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर नाही. त्यामुळे शेजारी दिसतो आणि आपल्याकडे नाही, असंही होतं.

छत्री कुठे पाहते?

आता छत्रीकडे. पण वर जाण्याआधी खालीच मेनूतला सिग्नलचा पडदा उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंथ पाहून खूश होऊ नका. एलएनबीला वीज मिळतेय आणि वायर जोडलेली आहे एवढ्यानेही ती पट्टी बऱ्यापैकी भरते, छत्री भिंतीकडे तोंड करून असली तरी. खरी पट्टी क्वालिटीची. स्ट्रेंथ आहे आणि क्वालिटी शून्य, तर छत्रीची दिशा चुकली आहे, मध्ये अडथळा आहे किंवा ती भलत्याच उपग्रहाकडे पाहतेय. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटली आहे किंवा एलएनबी गेला आहे, छत्री फिरवून काही होणार नाही.

दिशेचं गणित एकदा समजून घेतलं की आयुष्यभर पुरतं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला आकाशात जागच्या जागी वाटतात. आपला मुलूख साधारण ७४ अंश रेखांशावर आहे आणि आपण वापरतो ते सगळे उपग्रह आपल्या पूर्वेला आहेत. टाटा प्ले ८३ अंशांवर, डी-टू-एच ८८ वर, फ्री डिश आणि सन डायरेक्ट ९३.५ वर, डिश टीव्ही ९५ वर, एअरटेल १०८.२ वर. म्हणून दोन्ही तालुक्यांतली प्रत्येक छत्री आग्नेयेच्या अंगाला पाहते. टाटा प्लेची दक्षिणेकडे जास्त झुकलेली, एअरटेलची पूर्वेकडे, फ्री डिशची जवळजवळ ठीक आग्नेयेला. जुन्नर शहरात तर नारायणगाव ज्या बाजूला आहे तीच फ्री डिशची बाजू. घोडेगावात उभे असाल तर मंचर पूर्वेला आणि राजगुरुनगर दक्षिणेला धरा, त्या दोन्हींच्या साधारण मधोमध. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायचं तर पत्र्यापासून आणि छत्रीच्या लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभे राहा, लोखंडाजवळ ते खोटं बोलतं.

उंचीचा कोन लोकांना चकवतो. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून क्षितिजाच्या वर सुमारे ५८ अंशांवर आहे, टाटा प्लेचा ६५, एअरटेलचा ४५. पण छत्री पाहिली तर ती बरीचशी उभी दिसते, जणू समोरच्या घराकडे पाहतेय. तिची घडणच तशी असते. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि छत्रीची खरी नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. ‘आकाशाकडे तोंड हवं’ म्हणून छत्री उताणी करणारे इथेच फसतात.

या उंच कोनाचा आपल्याला मोठा फायदा झालेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याच्या भागात दिसू लागलं, तेव्हा लहरी जमिनीलगत येत. मध्ये डोंगर आला की संपलं. आंबेगावच्या पश्चिमेकडे, तळेघर-आहुपेच्या बाजूला, किंवा जुन्नरच्या घाटघर-आंबोलीकडे उंच बांबूवर अँटेना बांधून तिच्या काड्या फिरवणाऱ्यांची एक पिढी होती, ती यामुळेच. उपग्रह डोक्यावरच असल्यामुळे आता डोंगर आडवा येत नाही. अडथळा किती उंच असला तर नडतो, याचा हिशेब सोपा आहे. फ्री डिशसाठी अडथळ्याचं अंतर गुणिले १.६. छत्रीपासून १० फुटांवर आंबा असेल तर तो छत्रीच्या पातळीपासून १६ फूट वर गेल्यावरच नडेल. एअरटेलला जेवढं अंतर तेवढीच उंची नडते, म्हणजे १० फुटांवरचा १० फुटी अडथळा पुरे. टाटा प्लेला सगळ्यात कमी त्रास, तिथे पट दुपटीहून थोडा जास्त.

झाड मात्र दर वर्षी वाढतं. छत्री बसवली तेव्हा गुडघ्याएवढी असलेली सुबाभूळ पाच वर्षांनी आग्नेयेला भिंतीसारखी उभी राहते, आणि ओली पानं कोरड्यांपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खातात. उन्हाळ्यात नीट दिसणारा टीव्ही जूनपासून रोज रुसतो आणि फेब्रुवारीत पानगळीला परत येतो, तर दोष त्या झाडाचा आहे. परसातल्या दोडक्याचा वेल खांबावरून छत्रीवर चढतो, तोही तितकाच गुन्हेगार.

झाड नडतंय की नाही हे सूर्याकडूनच तपासून घेता येतं. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशच्या बाबतीत आपल्याकडे हे सकाळी अकराच्या सुमारास घडतं, एअरटेलचं दहाच्या, टाटा प्लेचं बाराच्या आसपास. तेवढी काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं, आणि आपोआप परत येतं. काही करू नका, चहा घ्या. पण त्या वेळी छत्रीवर ऊन पडलंय की सावली, ते मात्र पाहा. झाडाची सावली छत्रीवर असेल तर उपग्रह आणि छत्री यांच्यामध्ये ते झाड आहे. कुठली फांदी छाटायची तेही सावलीच दाखवते.

हात कसा लावायचा

घराची छत्री साधारण ६० सेंटिमीटरची असते. तिची कड एक सेंटिमीटर सरकली की नजर जवळपास दोन अंश सरकते, आणि फ्री डिशचा ९३.५ व डिश टीव्हीचा ९५ यांच्यात अंतर आहे दीड अंशाचं. ‘थोडीशी फिरवली’ म्हणजे किती, हे यावरून समजावं. म्हणून नट सैल करण्याआधी खांबावर आणि पट्टीवर मार्करने रेघ मारून ठेवा. काही जमलं नाही तर निदान होतं तिथे परत येता येईल. खांब ओळंब्यात आहे का ते आधी पाहा, गवंड्याकडचा ओळंबा उत्तम. खांबच कललेला असेल तर छत्री उजवीकडे फिरवताना वर-खालीही होते आणि कोन कधीच सापडत नाही. एका वेळी एकच हालचाल करा, अगदी केसभर, आणि प्रत्येक हालचालीनंतर पाचसहा सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस बरोबर जागेवरून तीनदा पुढे निघून जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. खाली क्वालिटीची पट्टी वाचायला माणूस बसवा किंवा टीव्हीचा पडदा व्हिडिओ कॉलवर घ्या.

पत्र्याच्या छपरावर बसवलेली छत्री हे कायमचं दुखणं आहे. आणे पठारावर किंवा लोणी-धामणीकडे वारा सुटला की पत्रा थरथरतो, त्याच्यासोबत छत्री थरथरते आणि नट हळूहळू ढिले पडतात. शक्य असेल तिथे भिंतीला घट्ट पकड द्या किंवा अंगणात काँक्रीटमध्ये पाइप रोवा. अंगणात छत्री लावायला कुणाला आवडत नाही, पण पावसात शिडी लागत नाही हे काय कमी आहे?

छत्रीला पोचा पडला असेल तर तो हलक्यात घेऊ नका. लेण्याद्री, भीमाशंकर आणि शिवनेरीच्या पायथ्याच्या गावांना माकडं नवी नाहीत, आणि छत्रीची दांडी त्यांना झोक्यासाठीच केलेली वाटते. खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी पाहून कुणी विचारतं की त्यांच्या बशीला तर नुसती जाळी आहे, मग आमच्या छत्रीला एवढासा पोचा का चालत नाही? त्या ३० दुर्बिणी ऐकतात त्या लहरींची लांबी २१ सेंटिमीटरच्या आसपासपासून काही मीटरपर्यंत असते, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांनी त्यांचं काही अडत नाही. आपल्या टीव्हीची लहर अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची आहे, तिला बशी एकसंध आणि गुळगुळीत लागते. (२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, मुलांना घेऊन जाच. तिथून जवळच आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचं विक्रम उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं. आकाशातून सिग्नल उतरवण्यात या तालुक्याचा हात जुना आहे.)

बिघाड वायरीत असला तर तो बहुतेक वेळा दोन टोकांना सापडतो. छत्रीकडच्या पिनेत पाणी जातं, तांब्याची तार हिरवी पडते. बॉक्सचा प्लग काढा, मगच पिन उघडा. चालू बॉक्सवर वायरीतली मधली तार भोवतीच्या जाळीला लागली तर बॉक्स जळू शकतो. टोकाचा इंचभर भाग कापून नवी पिन लावा, वर रबरी टेप घट्ट गुंडाळा आणि पिनेच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल, पिनेत शिरणार नाही. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धत आहे, ती सोडून द्या. आत वाफ धरते आणि तो पाण्याचा पातळ थर सिग्नल अडवतो. एलएनबीच्या तोंडावरची टोपी फुटली असेल किंवा तिथे गांधीलमाश्यांनी घर केलं असेल तर एलएनबी बदललेला बरा. अडगळीच्या खोलीतून वायर नेली असेल तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा पाहा. मधेच जोड देऊन टेप मारण्यापेक्षा नवी अखंड वायर टाका. एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायला साधा स्प्लिटर लावू नका. दोन बॉक्स एकाच वेळी १३ आणि १८ व्होल्ट मागतात आणि भांडतात. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी मिळतो.

पावसाळा

पावसाचे थेंब टीव्हीच्या अकरा-बारा गिगाहर्ट्‌झच्या लहरी गिळतात, त्यामुळे जोराच्या सरीत टीव्ही जाणं हा बिघाड नाही. सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चित्र परत आलं तर वर चढायचं कारण नाही. पाऊस थांबूनही तासभर आलं नाही, तर पिनेत पाणी गेलंय. बेल्हे-राजुरीच्या माणसाला हे वर्षातून चार वेळा सोसावं लागेल, डिंभ्याच्या वर राहणाऱ्याला जुलैत रोज. पश्चिम पट्ट्यातल्या लोकांनी ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री बसवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च एकदाच होतो आणि सिग्नल दुपटीहून जास्त गोळा होतो. अतिवृष्टीत तीही हरेल, पण मध्यम पावसात टिकेल.

आणि ज्या दिवशी बातमीची सगळ्यात जास्त गरज असते नेमका त्याच दिवशी टीव्ही जातो. ३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड कोसळली ती अशाच पावसात, आणि गाव दिसत नाही हे बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. डोंगरालगतच्या घरात सेलवर चालणारा रेडिओ असावा. आकाशवाणी पुणे मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्‌झला लागतं आणि त्या लहरींना पावसाची पर्वा नसते.

ढग भरून आले की गडगडाट सुरू होण्याआधीच छत्रीची वायर बॉक्समधून काढून ठेवा. डोक्यावर वीज कडाडत असताना वायरीला हात लावायचा नाही. शेवाळलेल्या स्लॅबवर पावसात चढू नका, आणि छत्रीच्या वर किंवा बाजूला विजेची लाइन असेल तर पाइप, शिडी, काहीच उभं करू नका. अंधार पडल्यावर मळ्यातल्या छत्रीकडे जाणं टाळा. ऊस घराला लागून आहे आणि बिबट्या त्यातच राहतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी मालिकेची वेळ झाली की माणसं विसरतात. वाकून नट पिळणारा माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. सकाळपर्यंत मालिका थांबू शकते.

केबल आणि जुनी अँटेना

नारायणगाव, मंचर, जुन्नरच्या पेठांत केबल असेल तर छत्रीचं हे सगळं पुराण तुमच्यासाठी नाही. मेनू दिसतोय आणि सिग्नल नाही, तर आधी शेजाऱ्याला विचारा. त्याचाही गेला असेल तर दोष रस्त्यावर आहे, खोदकामात फायबर तुटली असेल किंवा चौकातल्या यंत्राची वीज गेली असेल. फक्त तुमचाच गेला असेल तर भिंतीतून येणारी वायर आणि तिची पिन पाहा.

घरावर अजून जुनी काड्यांची अँटेना असेल आणि टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणत असेल, तर ती दुरुस्त करण्यात पैसे घालवू नका. जमिनीवरून होणारं ते जुनं प्रक्षेपण दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ सगळीकडे बंद केलं. सह्याद्री वाहिनी हवी असेल तर फ्री डिशची छत्री हाच स्वस्त मार्ग.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर त्याआधी बॉक्सची अदलाबदल करून पाहा. शेजारी त्याच कंपनीचा बॉक्स असेल तर आपला बॉक्स त्यांच्या छत्रीला लावा. तिथे सिग्नलची क्वालिटी भरली तर बॉक्स ठीक, दोष आपल्या छत्री-वायरीत. तिथेही शून्यच राहिली तर बॉक्स गेला. एवढं माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला एलएनबीच्या बिघाडासाठी कुणी नवा बॉक्स विकू शकत नाही. फोनवर नुसतं ‘टीव्ही बंद आहे’ म्हणू नका. मेनू दिसतो की नाही, दोन्ही पट्ट्या किती भरतात, एरर क्रमांक काय आहे, पावसात जातो की कायमचा गेलाय, हे सांगा. म्हणजे तो योग्य सामान घेऊन येईल आणि घोडेगावहून आहुप्याला त्याची दुसरी फेरी पडणार नाही, जिचे पैसे शेवटी तुम्हीच देता. बदललेला जुना भाग मागून घ्या. कंपनीकडे तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्या क्रमांकावरही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.